आडनाव नसलेला आकडा

१

आधी एक खोली डोळ्यांसमोर आणा. तुमच्या वर्गाच्या निम्मी असेल, पण तिच्या भिंती काचेच्या आहेत आणि छपरही काचेचं. बाहेर असा गारठा, की नळाचं पाणी बोटांना चावतं. आत मात्र एका लांब फळीवर चाळीस छोट्या कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीत बोटभर उंचीचं ऑर्किडचं रोप. बी पेरल्याला तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे एवढं वाढलंय. फूल यायला अजून दोन वर्षं. कोपऱ्यात पांढऱ्या पेटीसारखा एक हीटर हलकेच गुणगुणतो आहे.

दिसली खोली? आता रविवारी सकाळी सहा वाजता तिचं कुलूप काढा आणि आत पाऊल टाका. हीटर गुणगुणतोच आहे. सगळं जागच्या जागी आहे. फक्त चाळीसपैकी सतरा रोपांनी माना टाकल्या आहेत.

गोटीच्या मावशीने पाहिलं ते हे. शहरातल्या मोठ्या बागेत ऑर्किडची खोली तिच्याकडे होती. साडेआठला ती घरी आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. गोटी दहा वर्षांची होती. मावशी कोट न काढता बसली आहे म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, एवढं तिला कळत होतं.

"मी हीटर लावला होता, आई," मावशी गोटीच्या आजीला म्हणाली. "काल संध्याकाळी सहाला लावला. तापतोय ना, हात धरून बघितलं, आणि मगच कुलूप घातलं."

"मग कोण काय म्हणतंय?"

"भांडारातला तो टाचणी म्हणतो, हीटर तीन तास बंद होता. मीटरवरून हिशेब मांडून दाखवला त्याने. म्हणजे मी लावायला विसरले, आणि रात्री आठवण झाल्यावर कुणाकडून तरी गुपचूप लावून घेतला." मावशीने टेबलावरची पिशवी जवळ ओढली. "बागेच्या मुख्य मॅडम चार वाजता वर अहवाल पाठवणार. त्यात हेच गेलं, तर उद्यापासून मी तिकिटाच्या खिडकीत. माझी रोपं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती."

तीन वर्षांत मावशी एकदाही गावाला गेली नव्हती. का, तर रोपांना पाणी कोण घालणार?

आजीने चष्मा पुसला. आजी एकतीस वर्षं दारोदार हिंडून विजेचे मीटर वाचायची. निवृत्त होऊनही सगळे तिला मीटरआजीच म्हणत. लोक रस्त्यात माणसांना ओळखतात; आजी एखाद्या घराकडे बोट दाखवून म्हणायची, "यांचा फ्रिज म्हातारा झालाय."

"तू माझी लेक आहेस," ती मावशीला म्हणाली, "म्हणून तुझी तपासणी दुप्पट कडक होणार. तू विसरली असशील, तर तेही मीच मॅडमना सांगणार. चालेल?"

मावशीने मान वर केली. "चालेल."

"गोटी, वही घे. आणि कानटोपीसुद्धा."

२

काचेच्या खोलीत मावशीने पडलेली रोपं मधोमध, उबेला, एकमेकांजवळ ठेवली होती. गोटीला ती पावसात भिजलेल्या पिल्लांसारखी वाटली. तिने पटकन नजर वळवली.

दाराशेजारी खिळ्याला एक वही लटकत होती. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यात आकडे लिहायची. ही शिस्त आजीचीच.

"वाच," आजी म्हणाली. "पण माझा नियम माहीत आहे ना?"

"आडनावाशिवाय आकडा घ्यायचा नाही," गोटीने पाढ्यासारखं म्हटलं. नुसतं 'बारा' म्हटलं की आजी विचारायची, बारा कोण? बारा केळी, बारा किलो की बारा वाजले?

"काल शनिवारी सकाळी सहा वाजता. बाहेर एक अंश. आत सतरा अंश. रात्रभरात आतलं सर्वांत कमी तापमान सतरा अंश. मीटर बारा तासांत चोवीस युनिट पुढे." गोटीने पान उलटलं. "आज सकाळी सहा वाजता. बाहेर पुन्हा एकच अंश. आत तेरा अंश. सर्वांत कमीसुद्धा तेरा अंश. मीटर अठरा युनिट पुढे."

"या रोपांना पंधराच्या खाली सोसत नाही," मावशी हळूच म्हणाली.

"सर्वांत कमी किती झालं, ते तुला कसं कळतं? तू तर रात्री घरी असतेस," गोटीने विचारलं.

मावशीने भिंतीवरचा तापमापक दाखवला. त्याच्या नळीत पाऱ्याच्या टोकाशी एक निळी काडी होती, केसाएवढी बारीक. "गारठा वाढला की पारा खाली उतरतो आणि या काडीला ओढत नेतो. पुन्हा ऊब आली की पारा एकटाच वर चढतो, काडी तिथेच राहते. म्हणून सकाळी काडी बघायची. रात्री पारा कुठवर उतरला होता, ते ती सांगते. संध्याकाळी मी तिला परत पाऱ्याला चिकटवून ठेवते."

"आणि आज सकाळी काडी कुठे होती?" आजीने विचारलं.

"पाऱ्याला चिकटूनच. लिहिलंय ना, दोन्ही तेरा."

आजी "हं" म्हणाली. आजीचे 'हं' तीन प्रकारचे होते. हा लांबट होता, म्हणजे आत काहीतरी शिजत होतं.

गोटी हीटरपाशी उकिडवी बसली. पांढरी पेटी, समोर जाळी, एकच बटण. चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. तिने पेटीला बोट लावून पाहिलं. पेटी दगडासारखी स्थिर उभी होती. तेवढ्यात तिला फळीच्या पायाशी काहीतरी दिसलं. चौपदरी दुमडलेला पुठ्ठा. त्यावर निळ्या खडूने काढलेलं अर्धं जहाज.

जहाज तिचंच होतं. तिच्या जुन्या चित्रकलेच्या वहीचा पुठ्ठा. महिन्यापूर्वी तिनेच तो दुमडून मावशीला दिला होता. पण कशासाठी, ते काही केल्या आठवेना. तिने तो खिशात टाकला.

ही तिची चूक म्हणा किंवा नशीब. तेव्हाच आठवलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती.

३

भांडाराचा कारकून टाचणी या नावाने ओळखला जायचा, कारण त्याच्या शर्टाच्या खिशाला कायम सात-आठ टाचण्या टोचलेल्या असत. माणूस बारीक, स्वच्छ आणि टोकदार. त्याचा भाचा बागेतच झाडलोट करायचा आणि ऑर्किडच्या खोलीत काम मिळावं म्हणून दोनदा अर्ज करून बसला होता. मावशीने हे वाटेत सांगितलं तेव्हाच गोटीने मनात त्याच्या नावापुढे फुली मारली.

"या, मीटरआजी," तो म्हणाला. "तुमच्यासमोर हिशेब मांडायचा म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवण्यासारखं. पण बघा. हजार वॅटचं काहीही तासभर चाललं की एक युनिट. बरोबर?"

"बरोबर."

"तो हीटर दोन हजार वॅटचा. तासाला दोन युनिट. बारा तासांचे चोवीस. परवा रात्री चोवीस पडले. काल पडले अठरा. सहा कमी. सहा युनिट म्हणजे तीन तास." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "सहाला लावला असता तर चोवीस पडले असते. नऊला लागला. माझं त्यांच्याशी वैर नाही, आजी. पण आकडे खोटं बोलत नाहीत."

गोटीने मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला. चूक सापडेना. तिचे कान तापले. खरंच मावशी विसरली असेल तर?

"खोटं बोलत नाहीत," आजी म्हणाली. "कधीकधी अर्धंच बोलतात. बागेत असे हीटर किती?"

टाचणीने जाडजूड नोंदवही काढली. "दोनच. एकाच कारखान्याचे, जुळे भाऊ. समोरून बघाल तर आईलाही ओळखू येणार नाहीत. एक आपण विकत घेतला, तो ऑर्किडच्या खोलीत. दुसरा कुणीतरी परदेशाहून आणलेला, बागेला भेट दिला, तो पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये. हे बघा. ऑर्किड खोली, हीटर २०००. केबिन, हीटर ५१००."

"पाच हजार शंभर!" गोटी ओरडली. "रोपांना लहान आणि पहारेकऱ्याला एवढा मोठा?"

"जसा आला तसा लिहिला. लेबलावर मोठ्या अक्षरात छापलंय."

"पाच हजार शंभर काय?" आजीने विचारलं.

"काय म्हणजे? पाच हजार शंभर."

"हं," आजी म्हणाली. हा 'हं' आखूड होता, म्हणजे काहीतरी हाताला लागलं होतं.

बाहेर आल्यावर गोटी कुजबुजली, "आजी, टाचणीनेच मीटर फिरवला असेल."

"मीटर मागे फिरत नाही, बाळा. आणि त्याच्या हिशेबात चूक नाही."

"मग मावशी…?"

"हिशेब बरोबर असून उत्तर चुकतं, असं कधी होतं? विचार कर. चालता चालता कर, मला गुडघ्यामुळे हळू चालावं लागतं."

४

बागेच्या फाटकापाशी रात्रीच्या पहारेकऱ्याची केबिन होती. जेमतेम एक खाट आणि एक खुर्ची मावेल एवढी. त्याला सगळे मफलरकाका म्हणत. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर तो तपकिरी मफलर त्याच्या गळ्यातून कधी उतरत नसे. "जन्मतानाच गुंडाळून आला असेल," मावशी म्हणायची. ऑर्किडच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

काका घरी न जाता तिथेच बसून होते. डोळे तांबारलेले.

"कशी आहेत पिल्लं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"सतरा पडलीत," आजी म्हणाली. "तुम्ही रात्री खोलीकडे गेला होता?"

"दर तासाला फेरी असते. काचेतून बघतो. दिसत नाहीत अंधारात, पण दोन शब्द बोलतो. हीटरचा आवाज येत होता, आजी. देवाशपथ सांगतो. नऊच्या आधीपण येत होता, नंतरपण. मी मॅडमना सांगितलं, तर टाचणी म्हणतो, तुम्ही त्यांची बाजू घेताय."

म्हणजे हीटर चालू होता! गोटीच्या जिवात जीव आला. पण मग सहा युनिट गेली कुठे?

तिची नजर खिळ्याकडे गेली. खिळ्याला तपकिरी मफलर लटकत होता.

"काका, तुमचा मफलर?"

"अगं, ताप आला होता रात्री." काकांनी कपाळाला हात लावला. "एवढा थंडीचा कडाका, आणि मला इथे बसल्या बसल्या घाम! मफलर काढला, स्वेटर काढला. म्हटलं, आता अंथरूण धरतोय. पण सकाळी बघतो तर ठणठणीत. रोज इथे कुडकुडत असतो. ही फट बघ ना." दाराखाली दोन बोटं फट होती. त्याच वेळी वाऱ्याने एक वाळकं पान तिच्यातून आत सरकवलं, जणू पाहुणाच आला.

काकांनी पाय लांब केले. त्यांच्या चपलेचा हीटरला धक्का लागला.

टक्. टक्-टक्.

पांढरी पेटी एका पायावर डगमगली आणि थांबली.

गोटीचा हात आपोआप खिशात गेला. चौपदरी पुठ्ठा. अर्धं जहाज. आता तिला लख्ख आठवलं, तो कशासाठी दुमडला होता.

ती तोंड उघडणार, एवढ्यात आजीने तिचा खांदा दाबला. "काका, जरा पाठ बघू का याची?" म्हणत आजी वाकली, हीटरमागे डोकावली आणि सरळ झाली. मग गोटीला घेऊन बाहेर पडली.

५

"लंगडा हीटर आपला आहे!" बाकावर टेकायच्या आतच गोटी बोलली. "त्याचा एक पाय आखूड होता. म्हणून मी पुठ्ठा दिला होता. आज मावशीच्या खोलीतला हीटर हलतच नाही, आणि पुठ्ठा बाजूला पडलाय. हीटर बदललेत, आजी! मफलरकाकांनी चोरला!"

"काकांच्या हीटरमागे लिहिलंय दोन हजार वॅट. तुझं बरोबर आहे, अदलाबदल झाली. पण चोरीचं बघ. काकांनी काय घेतलं?"

"दोन हजारचा."

"आणि काय ठेवलं?"

"पाच हजार…" गोटी थांबली. "मोठा ठेवून लहान नेला? असा कुठे चोर असतो?"

"नसतो."

"आणि मोठा ठेवला, तर खोली जास्त तापायला हवी होती. ती तर गारठली. आणि केबिन लहान हीटरने तापली, काकांना घाम फुटेपर्यंत. हे सगळं उलटं आहे!"

"तुझी उंची किती गं?" आजीने मध्येच विचारलं.

"एकशे तीस. का?"

"माझी एकसष्ट. म्हणजे तू माझ्या दुप्पट उंच?"

गोटी हसली. "तू इंचात सांगितलीस! मी सेंटीमीटरमध्ये…" आणि तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "आजी. पाच हजार शंभर काय?"

"आता विचारलंस! पळ, खोलीतल्या हीटरच्या पाठीवर वाचून ये. मोठ्या आकड्याशेजारची बारीक अक्षरं."

गोटी धावत गेली आणि धापा टाकत परत आली. "बी-टी-यू, तिरकी रेघ, तास."

"बीटीयू. उष्णता मोजायचं जुनं माप. काही देशांत हीटर त्यात विकतात. एका वॅटमागे तासाला साधारण तीन पूर्णांक चार बीटीयू. कर भागाकार."

गोटीने वही मांडीवर घेतली. पाच हजार शंभरला तीन पूर्णांक चारने भागायचं, म्हणजे एक्कावन्न हजारला चौतीसने. पेन्सिल थोडी अडखळली आणि मग सुटली.

"पंधराशे. बरोब्बर पंधराशे वॅट! म्हणजे मोठा तो लहान आहे!"

"आणि पंधराशे वॅट बारा तास?"

"तासाला दीड युनिट… अठरा!" गोटी बाकावर उभीच राहिली. "अठरा युनिट! हीटर रात्रभर चालू होता, फक्त तो दुबळा होता. टाचणीचा गुणाकार बरोबर, पण हीटरच दुसरा!"

"थांब. बस खाली. दोन हजार वॅट नऊ तास, तेही अठरा. पंधराशे वॅट बारा तास, तेही अठरा. मॅडम विचारतील, दुसरंच खरं कशावरून? कदाचित हीटर सकाळी बदलला असेल."

गोटी बसली. बराच वेळ ती चपलेने मातीत रेघा ओढत राहिली. आजीने मदत केली नाही. तिने पिशवीतून संत्रं काढून सोलायला घेतलं.

"काडी," गोटी शेवटी म्हणाली. "निळी काडी. हीटर सहा ते नऊ बंद असता, तर सर्वांत जास्त गारठा नऊच्या सुमाराला झाला असता. मग हीटर लागला असता आणि पारा वर चढला असता. काडी खाली आणि पारा वर, असे दोघं वेगळे दिसले असते. पण सकाळी ते चिकटून होते. म्हणजे खोली रात्रभर हळूहळू उतरतच गेली."

आजीने संत्र्याची सर्वांत मोठी फोड तिच्या हातात ठेवली. "आता शेवटचा पुरावा. विजेचा हीटर महाग असो की स्वस्त, जेवढी वीज खातो तेवढीच ऊब देतो. शनिवारी सकाळी खोली बाहेरच्यापेक्षा किती अंश वर होती?"

"सतरा वजा एक, सोळा."

"पंधराशे म्हणजे दोन हजारचा कितवा भाग?"

"पाऊण. सोळाचे पाऊण बारा. बाहेर एक अंश, अधिक बारा…" गोटीची पेन्सिल थांबली. मावशीने सकाळी वहीत लिहिलेला आकडा तिच्यासमोर उभा राहिला. तेरा.

मग गोटीचा चेहरा उतरला.

"काकांना वाटलं, आपण मोठा देतोय. थंडी वाढली म्हणून पिल्लांना मोठा दिला आणि स्वतः लहानावर बसले. आणि घाम आला तर म्हणाले, ताप आलाय." तिने वही मिटली. "हे सांगितलं की मावशी सुटेल. पण काका अडकतील."

"हो," आजी म्हणाली. "म्हणून याचा निवाडा आपण करायचा नाही. आपण फक्त आकडे ठेवायचे. उरलेलं ज्याचं त्याने बोलायचं."

साडेतीन वाजले होते.

६

मॅडमच्या खोलीत मावशी, टाचणी आणि मफलरकाका भिंतीला टेकून उभे होते. टेबलावर अहवालाचा कागद होता, सहीची जागा रिकामी.

आजीने गोटीला पुढे केलं. गोटीने वही उघडली आणि एकेक आकडा आडनावासकट वाचला. चोवीस युनिट. अठरा युनिट. पाच हजार शंभर बीटीयू दर तासाला, म्हणजे पंधराशे वॅट. काडी आणि पारा. सोळाचे पाऊण बारा. हीटर बदलला गेला, एवढंच ती म्हणाली. कुणी बदलला, ते म्हणाली नाही.

"म्हणजे मोठा आकडा तो लहान हीटर?" मॅडमनी विचारलं.

टाचणीने नोंदवही जवळ ओढली, पुढच्या पानावर गेला, परत मागे आला. त्याचा चेहरा हळूहळू विटेसारखा झाला. "मी आकडा उतरवला," तो पुटपुटला. "पुढची अक्षरं सोडली. बारीक होती."

"पण बदलला कुणी?"

गोटी चपलेकडे बघत राहिली. मग भिंतीजवळून एक घोगरा आवाज आला.

"पोरी, परत सांग. माझा पाच हजारवाला… तो लहान होता?"

"हो, काका."

मफलरकाकांनी हातातला मफलर दोन्ही मुठींत पिळला. "मीच बदलला, मॅडम. सव्वासहाला. नोंद न करता वस्तू हलवायची नाही, हे माहीत होतं मला. पण रेडिओवर थंडीची बातमी आली. म्हटलं, आपण म्हातारं खोड, आपल्याला मोठा हीटर हवा कशाला? त्या पिल्लांना असू दे. सकाळी ती पडलेली बघितली, तर वाटलं, माझा हीटर बिघडून नीट तापलाच नसेल. म्हणून गप्प बसलो. भ्यालो." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "ताई, तुमच्यावर आलं तेव्हा बोलायला हवं होतं. हीटर चालू होता एवढंच सांगितलं. अर्धंच सांगितलं."

मावशीला राग यायला हवा होता. तो आला असावा, कारण ती क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही माझ्या रोपांशी रात्री बोलता, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"रोपांशी बोलतो म्हटलं, तर लोक हसतात."

मॅडमनी जुना अहवाल घडी करून बाजूला ठेवला आणि नवा कागद घेतला. लिहिता लिहिता त्या मोठ्याने वाचत होत्या. "हीटर बारा तास चालू होता. रोपांची देखभाल करणाऱ्या बाईंची चूक नाही. नोंदवहीत एकक लिहिलं नव्हतं, आणि त्या नोंदीखाली सही माझी आहे." पेन थांबलं. "काका, पुन्हा काही हलवायचं झालं, तर आधी फोन. रात्री दोन वाजता असला तरी."

"तिकिटाची खिडकी?" मावशीने विचारलं. तिला खात्री करून घ्यायची होती.

"तिकडे टाचणीच्या भाच्याला बसवते. तो आकडे तरी नीट वाचतो का बघू."

टाचणी हसला नाही, पण त्याने खिशाची एक टाचणी काढून त्या नोंदीला लावली. खूण म्हणून.

संध्याकाळ व्हायच्या आत लंगडा हीटर आपल्या जागी परत आला आणि गोटीने त्याच्या आखूड पायाखाली अर्धं जहाज सरकवलं. सतरांपैकी तेरा रोपांनी दुपारपर्यंत माना थोड्या उचलल्या होत्या. चार गेली. मावशीने त्या चार कुंड्या रिकाम्या केल्या नाहीत, नुसत्या फळीच्या टोकाला ठेवल्या.

मग गोटी पंधराशे वॅटच्या हीटरमागोमाग केबिनमध्ये गेली. काका तो खाटेशेजारी ठेवत होते. मफलर पुन्हा गळ्यात होता.

"चला," ते म्हणाले, "आज परत कुडकुडायचं. पण आता निदान कळलं, का ते."

गोटीने हीटरकडे पाहिलं. त्याला मोठा करणं तिच्या हातात नव्हतं. पंधराशे म्हणजे पंधराशे. तेवढ्यात दाराखालून आणखी एक वाळकं पान आत सरकलं. ते उचलून तिने फटीपाशी बोटं धरली. गार हवा बोटांमधून आत शिरत होती, आणि तिच्या वरून काकांची ऊब रोज रात्री बाहेर जात असणार.

कोपऱ्यात खताची दोन रिकामी पोती होती. गोटी गुडघ्यांवर बसली, एक पोतं जमिनीवर पसरलं आणि एका टोकापासून घट्ट, अगदी घट्ट गुंडाळायला लागली.